शटर हजारवरच राहील

३ मार्च
सेकंडहँड फ्लॅश घेतला. रविवारी काका येतायत. आजोबांच्या कपाटावरून भांडण झाल्यापासून बाबा आणि ते बोलत नव्हते. दोघांचा एकत्र फोटो हवा, असं बाबा काल स्वतःच्या तोंडाने म्हणाले. बायकोने लगेच विचारलं, स्टुडिओवाल्याला बोलवू का? अपमान गिळला.

४ मार्च, सकाळ
चाचणी. मॉडेल बायको. शटर हजारवर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो. वेग जास्त तितका फोटो शार्प. बायको गुडघ्यापर्यंत उत्तम, खाली काळा पट्टा. फरशी काळपट असावी.

संध्याकाळ
सेल बदलले. पट्टा तसाच. बायकोने, कोणी विचारलेलं नसताना, माहितीपुस्तक वाचून दाखवलं. शटरला म्हणे दोन पडदे. वेग फार वाढवला की पहिला पुरता उघडायच्या आत दुसरा मिटायला लागतो. झाकलेल्या भागाला फ्लॅशचा उजेड मिळतच नाही. दोनशेच्या वर जाऊ नका.
दोनशे नवशिक्यांसाठी. मी जाणार!

६ मार्च
तोडगा सापडला. पट्टा नेहमी खालीच येतो. मग खालचा भाग कापून टाकायचा. पाय कोणाला बघायचे असतात? बायकोने माहितीपुस्तक मिटलं. पटलं असावं.

८ मार्च, रविवार
काका आले. दोघं आधी हवेवर बोलले, मग गुडघेदुखीवर. मग काकांनी आपणहून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. माणसं दोनच, म्हणून कॅमेरा उभा धरला. एकच क्लिक. दहा-दहा काढतात ते कच्चे. काका लगेच गाडी गाठायला निघाले.

संध्याकाळ
कॅमेरा उभा धरला की पट्टाही उभा येतो. हे ठळक अक्षरांत छापायला नको? बाबा छान आलेत. खांद्यावरचा हातही छान. बाकीचे काका पट्ट्यात.

९ मार्च
बाबांना म्हटलं, कलात्मक आहे. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि आत निघून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
काकांनी मागितला म्हणून त्यांनाही पाठवला. त्यांचं उत्तर: वगळायचंच होतं तर बोलावलं कशाला?

१० मार्च
बाबांनीच काकांना फोन लावला. आधी आवाज चढले. मग बाबा माझ्या बायकोने सांगितलेले शटरचे पडदे समजावू लागले. मग माझ्या लहानपणचे पराक्रम निघाले, काकांनीही भर घातली असावी, कारण बाबा पोट धरून हसत होते. शेवटी एकमत झालं: पोरगं गाढव आहे. पुढच्या रविवारी पुन्हा फोटो.
मला गाढव म्हणणं मान्य नाही.

१५ मार्च, रविवार
स्टुडिओवाला आला. मला फ्लॅश उंच धरायला लावला. शटर दोनशेवर. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून चालवून घेतलं. दोघे भाऊ अख्खे आले, हसतायत. ठीक आहे, शार्पनेस कमी. मग काका म्हणाले, याचाही एक काढा.
माझे डोळे मिटलेले आले. शटर हजारवर असतं, तर मिटायच्या आत फोटो झाला असता.