चपला पुढे, हिरवा दिवा मागे

मंगळ. ४ नोव्हें.
कंपनीतल्या इमर्जन्सी दिव्यांची महिन्याची टेस्ट. म्हणजे मी बटण दाबायचं, दिवा पेटला की पुढचा. लाईट खरीच गेली तर बॅटरी किती टिकेल, देव जाणे. मॅनेजरसाहेबांना म्हटलं, एकदा मेन बंद करून बघू. "आणि प्रॉडक्शन?" दर वेळी हेच. वैताग. पण सोमवारपासून सुनंदा आमच्याच पॅकिंगला लागतेय. बायकोच तिथे बसणार म्हटल्यावर या खेपेला हटलो नाही. शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी करायला साहेब कबूल झाले.

शुक्र. ७
मेन पाडला. पॅकिंगच्या हॉलला खिडकी नाही, मिट्ट काळोख. मागच्या दारावरचा बाहेर पडायचा हिरवा दिवा झकास पेटला, टिकलाही. मी खूश. आणि पॅकिंगच्या सगळ्या बायका त्याला पाठ दाखवून पुढच्या दाराकडे, एकमेकींवर आदळत! का, तर चपला. आत चप्पल चालत नाही, सगळ्यांच्या पुढच्या दाराशी काढलेल्या. अष्टमी गावच्या फरीदाभाभी म्हणाल्या, "अनवानी कुठं जाऊ? मागं पत्रे, काचा पडल्यात." खरंय. पण पुढच्या दाराला लागूनच सॉल्व्हंटची खोली. आग लागली तर तिथेच लागणार.

शनि. ८
साहेबांना सांगितलं, चपलांचं रॅक मागच्या दाराशी हलवू, भंगार उचलू. "मागून माल चोरीला जाईल. वॉचमन एकच आहे." मग? "बघू." या 'बघू'नेच केस पिकले माझे.

रवि. ९
पेणला सासुरवाडीत. परत घरी, वरसेला येताना गाडीवर सुनंदाला सगळं सांगितलं. म्हटलं, उद्या जाऊ नको.
"आन् बाकीच्या बाया? त्यांना सांगलं काय तुमी?"
नाही सांगितलं. साहेबांना कळलं तर...
घरी येताच तिने उद्याचा डबा काढून ठेवला.

सोम. १०
गेली. दुपारी हॉलमध्ये डोकावलो तर पॅकिंगच्या झाडून सगळ्यांच्या चपला मागच्या दाराशी. सकाळी पुढून आल्या, चपला हातात घेऊन आतून मागे नेऊन ठेवल्या. सुपरवायझर ओरडून दमला. एकीनेही उचलल्या नाहीत. इतकं बरं वाटलं. संध्याकाळी साहेबांचा फोन. हे बायकांना कुणी शिकवलं, उद्या केबिनमध्ये येऊन सांग.
सुनंदा भाकऱ्या थापताना म्हणते, "माजा नाव सांगा. मी नवी हाय, मना काय ठाव?"
तिचं सांगायचं की माझं? भीती वाटतेय. मागच्या दाराबाहेरचं भंगार अजून तिथेच.