चार मोहाची झाडे आणि दीपिकाचे शिक्षण

मी, वारलू दसरू हलामी, वय एकसष्ट, निवृत्त विज्ञान शिक्षक, तालुका धानोरा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. साखरेचा आजार आहे, पण त्याने विचार बिघडत नाही.

पत्नी मंगली गेल्या आषाढात वारली. मुलगा पवन आरमोरीला असतो, मुलगी दीपिका नागपूरला शिकते. घरात मी एकटा आहे.

१. घर आणि धानाची बांधी (भातशेत) पवनला. परसातला पंप त्याने आता तरी दुरुस्त करावा.

२. मंगलीची मोहाची फुले वेचायची टोपली खुंटीवर आहे, तिने टांगली तशीच. ती शेजारच्या बायनाबाईला द्यावी. तिने मागितलेली नाही.

३. माझा सूक्ष्मदर्शक आश्रमशाळेला. भिंगावर ओरखडा आहे, तो माझ्याच हातचा. मुलांना रागावू नये.

४. बांधावरची चार मोहाची झाडे दीपिकाला. आमच्या रिवाजात झाडे मुलाकडे जातात, म्हणून हे लिहून ठेवणे भाग आहे. पवनने हरकत घेऊ नये. कारण पुढे लिहितो.

दीपिका बी.एस्सी. झाली तेव्हा मी गावभर सांगितले, ती आता एम.एस्सी. करणार. तिने एम.बी.ए.ला प्रवेश घेतला. मी आयुष्यभर मुलांना पाने-फुले कापून दाखवली. व्यापार म्हणजे मोसमात तराजू घेऊन येणारा माणूस, एवढेच मला ठाऊक. मी म्हणालो, आपल्यात हे कोणी केले नाही. मंगली चुलीपाशी होती. म्हणाली, "मंग बाजारात फुलं कोण विकते? तुमी गेले काय कधी पिशवी घेऊन?" मी हरकत सोडली. पण गावाला सांगितलेले बदलले नाही.

आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात; मंगलीचा दगड उभा केला त्या दिवशी सगळे गाव जमले होते. बायनाबाईने दीपिकाला जवळ घेऊन विचारले, "माय, तुही एमएससी झाली काय वो?" दीपिकाने माझ्याकडे पाहिले, मग दगडाकडे. म्हणाली, "होऊन राह्यली, मावशी." आईसमोर खोटे बोलून तिने माझी लाज राखली. मी मान खाली घालून तांदूळ वाहत राहिलो. त्यानंतर त्या दगडापाशी मला एकट्याने जाता आलेले नाही. मंगली ज्यांची फुले विकायची ती झाडे म्हणून दीपिकालाच.

५. माझ्या मृत्यूनंतर, माझा दगड उभा होईल तेव्हा, पवनने सर्वांसमोर वाचावे: दीपिकाने एम.एस्सी. केलेली नाही. ती एम.बी.ए. झाली. खोटे बापाचे होते, तिचे नाही.

एवढे लिहून साक्षीदारांना बोलावले. साक्षीदाराने मजकूर पाहिलाच पाहिजे असे नाही, पण बायनाबाईने दुसरा साक्षीदार सुनिल याच्याकडून सगळा वाचून घेतला. मग म्हणाली, "मास्तर, मेल्यावर वाचाले लावता? तवा आमी बोलावं कोणाले, गोट्याले? लावा पोरीले फोन."

कलम ५ मी स्वतः दीपिकाला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "बाबा, झाली नाई अजून. शेवटची परीक्षा बाकी आहे. आता पुन्हा खोटं नका लिहू ना." बायनाबाई मोठ्याने हसली. फोनवर दीपिकाही हसली, मग रडली.

म्हणून कलम ५ मध्ये दुरुस्ती केली आहे ती अशी: "माझ्या मृत्यूनंतर, माझा दगड उभा होईल तेव्हा" हे खोडून "येत्या शुक्रवारी, मंगलीच्या दगडापाशी", "पवनने" खोडून "मी स्वतः", "झाली" खोडून "करीत आहे". प्रत्येक खोडाखोडीवर माझी सही आहे. दीपिका गुरुवारच्या बसने येत आहे.

ठिकाण: राहते घर, तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली
दिनांक: १२ जानेवारी २०२६

लिहून देणार: वारलू दसरू हलामी (सही)

आमच्यादेखत सही झाली:
१. बायनाबाई उसेंडी (डाव्या हाताचा अंगठा)
२. सुनिल तुलावी (सही)