डोळे मिटल्याची नोंद

बाई, आज मी इतकी चिडले आहे की सकाळपासून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो ओट्यावरच गार झाला. तुम्हाला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितेय ती तक्रार घेऊन. पण या प्रकरणाची सुरुवात तुमच्याच स्वयंपाकघरात झाली आहे, तेव्हा तुम्हाला ऐकून घ्यावंच लागेल.

निमगाव केतकीतलं तुमचं घर. चौथीच्या स्कॉलरशिपला बसलेल्या आम्ही पाच-सहा पोरी शाळेआधी तुमच्या चुलीपाशी गोळा झालेल्या. तुम्ही भाकरी थापताय आणि मी मोठ्यानं प्रश्न वाचतेय. प्रश्न संपून माझी नजर खालच्या चार पर्यायांकडे गेली, की तुम्ही ओरडता, "हात ठिव त्यावर! आधी उत्तर काढ, मग हात उचल." एकदा मी बोटांच्या फटीतून बघितलं आणि बरोबर उत्तर सांगून मोकळी झाले. तुम्ही तवा खाली उतरवलात. "बरूबर आलं म्हून मला सांगू नगंस. उद्या तू बाई झालीस आन एखाद्या पोरानं तुला काय इचारलं, तर ते खाली चार उत्तरं लिहून आननार हाय व्हय?" त्या दिवशी भाकरी मिळाली, पण तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. त्याचा मला खरं सांगायचं तर अजून थोडा राग आहे.

मी बाई झाले. आता बारामतीत बी.एड.च्या मुलामुलींना शिकवते, त्यांच्याकडून शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी करून घेते. दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते, पर्यायांवर हात ठेवा. आधी हसतात, मग सवय लागते.

यंदा पुण्याहून एक संशोधक आमच्याकडे यंत्र घेऊन आले. संगणकाच्या पडद्याखाली एक बारीक पट्टी लावतात आणि ती समोर बसलेल्याच्या डोळ्यांवर नजर ठेवते. कुठल्या शब्दावर तो किती थांबला, कुठल्या पर्यायाकडे वळला, परत प्रश्नाकडे कधी आला, सगळं टिपून घेते. मग पडद्यावर रंगांचे डाग दिसतात. जिथं जास्त वेळ पाहिलं तिथं लाल. होणारे शिक्षक प्रश्न सोडवताना नेमकं काय करतात हे त्यांना समजून घ्यायचं होतं, आणि माणूस सज्जन होता. सगळ्यांकडून संमतीच्या कागदावर सह्या घ्यायच्या होत्या. या चाचणीचा गुणांशी किंवा निवडीशी काही संबंध नाही, असं त्यावर छापलेलं होतं. ते मी वर्गाला वाचून दाखवलं. दोघीतिघी कचरत होत्या, त्यांना म्हणाले, करा गं सही, मी आहे ना.

त्यांतली एक पिंपळीची. दीड वर्षाचं मूल सासूकडे सोपवून रोज एसटीनं येते. तिच्या सरावपाठाला मी मागं बसते तेव्हा वहीत शेरा लिहायचं विसरते, इतकं ती शिकवते. संस्थेच्या शाळेत एक जागा रिकामी आहे आणि ती आमच्याच विद्यार्थ्यांतून भरायची आहे. आख्खा वर्ग तिचंच नाव घेत होता.

यंत्रासमोर बसल्यावर पडद्यापुढे हात धरायचा नाही, अशी सूचना होती. मग तिनं काय करावं? प्रश्न वाचला की डोळे मिटले. ओठ हलतायत, कपाळाला आठ्या, मग डोळे उघडून एका पर्यायावर टिचकी आणि पुढं. दोन सोडून सगळी उत्तरं बरोबर. नंतर मी विचारलं, डोळे कशाला मिटत होतीस? म्हणाली, "शेवटच्या बाकावरचं मूल रडतंय, तुमी काय कराल, आसा प्रश्न हुता. ते पोरगं मला दिसल्याबिगर मी कसं सांगू, मॅडम?"

आणि आमच्या प्राचार्यांनी काय केलं? संशोधकांनी सौजन्य म्हणून दिलेले ते रंगीत कागद घेतले आणि निवडीच्या तक्त्यात एक नवा रकाना पाडला, 'एकाग्रता'. हिच्या नावापुढं लिहिलं, 'पर्याय न वाचता अंदाजाने उत्तरे.' हिचा कागद जवळजवळ कोरा, म्हणून ही सातवी. पहिला कोण, तर ज्याचा कागद लालभडक होता तो. त्यानं प्रत्येक पर्याय चारचारदा वाचला आणि निम्मी उत्तरं चुकवली! मी पुण्याला फोन लावला. ते संशोधक बिचारे दचकलेच. "मॅडम, डोळे मिटले की यंत्राला काहीच कळत नाही. मी तिथं फक्त 'नोंद नाही' असं लिहिलं होतं. आणि हे निवडीसाठी वापरायचं नाही, असं ठरलं होतं ना?"

ठरलं होतं तर! मी तशीच केबिनमध्ये गेले. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमची लाडकी विद्यार्थिनी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मशीन कुणाच्या ओळखीचं नसतं." बाई, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिक्षक होणाऱ्या माणसानं विचार करायला दोन क्षण डोळे मिटले तर तो गुन्हा? ज्यांनी स्वतः बारा वर्षांत एका वर्गात पाऊल ठेवलं नाही, त्यांनी हिची एकाग्रता मोजायची? मी हे सगळं बोलले. आवाज चढवून बोलले, बाहेरच्या शिपायानं दार ओढून घेतलं इतका.

गुरुवारी ती माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही, नुसती उभी राहिली. "मॅडम, त्याचा काय संबंध न्हाय म्हून तुमीच सांगितलं हुतं. म्हून मी सही केली." मग तिनं विचारलं, "यादीखाली निवड समितीच्या तीन सह्या हायत म्हनं. त्यात तुमची बी हाय का?"

मी म्हणाले, "बघते मी."

बघायचं काय होतं? त्या दिवशी केबिनमध्ये आवाज चढवून झाल्यावर प्राचार्यांनी यादी माझ्यापुढं सरकवली; समितीतली तिसरी सही माझीच राहिली होती. शेजारीच माझ्या नोकरीच्या कायम मान्यतेची फाईल होती, दोन वर्षं त्यांच्या सहीसाठी थांबलेली. त्यांनी फाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. मीच पाहिलं, आणि यादीवर सही केली.

यादी सोमवारी संस्थेकडे जाईल. सही मागं घेते असं चार ओळींत लिहून दिलं, तर यादी अजून थांबू शकते. आज रविवार. तेच लिहायला मी सकाळी कागद घेऊन बसले होते, बाई, आणि वर तुमचं नाव घातलं, कारण तुम्ही माझी फाईल अडवू शकत नाही.