खुरप्याचं गाणं

१४ फेब्रुवारी १९७७, सोमवार

निवडलं तिला! मुंबईहून मामाचं कार्ड आलं. टेलिव्हिजनच्या गायन स्पर्धेला सव्वाशे जण आले होते, त्यांतले बारा ठेवले — त्यात आपली कस्तुरा. पोस्टमननं कार्ड शाळेतच दिलं. मधल्या सुट्टीपर्यंत दम धरवला नाही. चौथीच्या पोरींना पाढे लिहायला लावले आणि कार्ड तीनदा वाचलं.

'खुरप्याचं गाणं म्हणली. परीक्षक एकमेकांच्या तोंडाकडं बघायले,' असं मामानं लिहिलंय.

खुरप्याचं गाणं माझं आहे. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या शिबिराला जिंतूरला गेले होते, तिथं सुचलं. एका दमात तीन कडवी, एक शब्द खोडावा लागला नाही.

खुरप्या सोबत्या, तुझी झिजली धार
माझ्या हाताच्या रेघा तुझ्या मुठीवर चार

त्याच्याआधी आणि नंतर इतकं चांगलं काही लिहून झालं नाही. इथं कबूल करायला काय हरकत? चालही माझीच. कस्तुरा तेव्हा सोळाची होती. विहारातल्या पेटीवर मी ते तिच्याकडून बसवून घेतलं — 'धार'वर आवाज कुठवर न्यायचा, 'रेघा'वर कुठं अडवायचा.

घरी येऊन मायला सांगितलं. गोवऱ्या थापायचे तिचे हात काही थांबले नाहीत. "म्हंजे आता यील का न्हाई ती?" एवढंच विचारलं.

२ मार्च

वर्गात एकीनं विचारलं, "बाई, तुमची बहीण डब्यात दिसणार हाय म्हणं. बसंल का ती डब्यात?"

सगळ्या हसल्या. मीही.

५ मार्च, शनिवार

आज पहिली फेरी होती. संध्याकाळी साडेसातला. बोरीत टेलिव्हिजन कुणी बघितलेलंच नाही, परभणीतही नाही म्हणतात. मायनं तरी अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि दाराकडं तोंड करून बसली.

"तितून आपण दिसंन का तिला?"

"नाही माय. आपण तिला नाही आणि ती आपल्याला नाही."

"मंग कुणाला दिसायलीय?"

"मुंबईच्या लोकांना."

"त्येंची कोण लागती ती?"

साडेसात झाले तेव्हा मी हळूच गाणं म्हणायला लागले. माझाही आवाज वाईट नव्हता. रेडिओच्या चाचणीला दोनदा गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा जायचं होतं, तेवढ्यात बा गेला. मग नोकरी धरली. कस्तुरा दहा वर्षांची होती. जे मला येत होतं ते तिच्यात ओतलं. आता कुणी म्हणेल, कोण सांगितलं होतं? — कुणी नाही.

१८ मार्च

तार आली. तार म्हणजे कुणीतरी गेलं, म्हणून मायनं आधीच गळा काढला. शेजारच्या सुलाबाई धावत आल्या, त्यांनीही काढला. मी तार फोडली — कस्तुरा पहिली!

सबंध गल्लीत साखर वाटली. मीच वाटली. आज कुणाचाच राग येत नाही.

२१ मार्च, सोमवार

निवडणुकीच्या कामावरून काल परतले. आज शाळेत दिनकरराव हेडमास्तरांनी वर्तमानपत्र पुढं केलं. "सत्यशीलाबाई, घ्या! बहिणीनं बोरीचं नाव केलं."

फोटो आहे. हातात ढाल, केसांत गजरा. खाली छापलंय — 'परभणीच्या कु. कस्तुरा खिल्लारे यांनी गायिलेल्या खुरपणीच्या पारंपरिक लोकगीताने श्रोते भारावून गेले. या अनामिक रचनेतील...'

पुढं वाचलं नाही.

पारंपरिक! अनामिक! अहो, मी जिवंत आहे. बोरी, तालुका जिंतूर. कन्याशाळा, चौथीचा वर्ग. हजेरीपटावर रोज सही करते!

हेडमास्तर विचारत होते, पेढे कधी? म्हटलं, आणते.

२२ मार्च

श्रुतलेखन घेतलं. 'पारंपरिक' हा शब्द घातला. बावीस जणींत एकीचाच बरोबर आला.

२९ मार्च

कस्तुराचं पाकीट आलं. इथं जसंच्या तसं उतरवून ठेवते, पुढं कुणी मला वेडी ठरवायला नको.

'अक्का, फॉर्मावर कवीचे नाव अशी जागा होती. तुझं नाव लिहायलेच होते. रांगेतली एक बाई म्हणाली, नवीन कवी असला तर त्याचं सहीचं पत्र लागतं, नाहीतर ऐन वेळी गाणं बदलायला लावतात. बोरीहून पत्र यायला आठ दिवस. मला भेव वाटलं. मी पारंपरिक लिहून टाकलं. रागावू नको. गाणं तर तुझंच हाय ना!'

रांगेतली बाई! सात वर्षं पेटी मी धरली आणि ऐकलं कुणाचं? रांगेतल्या बाईचं. बरं, भेव वाटलं — पहिल्या दिवशी वाटलं असेल. मग दुसऱ्या फेरीला? शेवटच्या फेरीला? ढाल हातात घेतली तेव्हा?

उत्तर लिहिलं नाही. लिहिणारही नाही.

१० एप्रिल, रविवार

आज तिचा सत्कार झाला. सहा वर्षांमागं जयंतीची मिरवणूक मारुतीच्या पारासमोरून नेऊ देत नव्हते. आज त्याच पारावर मांडव! सरपंच दत्तराव स्वतः गाडीपर्यंत घ्यायला गेले. कस्तुरा जिंतूर गाडीतून उतरली ती भारी साडी नेसून, पदर पिन लावलेला. 'आमी' म्हणायची, आता 'आम्ही' म्हणते. मध्येच विसरते आणि जीभ चावते.

मायला स्टेजवर बोलावलं. माय चढेना. खाली बायकांत बसली, पदर तोंडावर घेऊन. मी तिसऱ्या रांगेत, शाळेच्या पोरींना गप्प बसवायला.

तिनं गाणं म्हटलं. काय म्हटलं! माझी बहीण आहे म्हणून नाही, पण अंगावर काटा आला. 'रेघा'वर थांबली, बरोबर मी शिकवलं तिथं, तेवढंच. बायका रडायल्या. मला तिचा गळा आवळावासा वाटत होता आणि कुशीतही घ्यावंसं वाटत होतं.

मग दत्तराव उठले. "ह्ये गाणं म्हंजे आपल्या बोरीचं जुनं धन हाय, लोकहो! माझी आजी म्हणायची ह्ये गाणं. लहानपणी लय ऐकलंय मी!"

टाळ्या.

दत्तरावांच्या आजीनं जन्मात खुरपं हातात धरलं नाही. तिच्या रानात माझी माय खुरपायला जायची.

मी कस्तुराकडं बघितलं. तिनंही बघितलं. मग मान खाली घालून हारातली फुलं मोजत बसली. माइक तिच्या हाताच्या अंतरावर होता. एक वाक्य लागत होतं — हे माझ्या अक्काचं आहे. चार शब्द!

११ एप्रिल

गेली. तिची रेकॉर्ड निघणार आहे. तबकडीच्या मधल्या कागदावर छापतात म्हणे — गायिका कोण, संगीत कोण, गीत कोण.

"गीत कोण?" मी विचारलं.

"सांगते ना त्येंला. जमलं तर."

निघताना म्हणाली, "अक्का, तू खूश न्हाईस का गं?"

मी म्हटलं, गाडी चुकेल.

१४ एप्रिल

जयंती. विहारात पोरांनी आग्रह केला, बाई, खुरप्याचं गाणं म्हणा. म्हटलं. एक पाहुणा बाजूच्याला म्हणाला, "त्या टेलिव्हिजनवालीची नक्कल बरी करतात."

२ मे

रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा लिहिलं. 'सदर गीत पारंपरिक नसून माझी स्वतःची रचना आहे. माझ्या नावाशिवाय ते छापल्यास माझी हरकत आहे.' वहीच्या पानाची नक्कल जोडली. रजिस्टर केलं.

मायला सांगितलं नाही. पोस्टातून येताना पाय हलके वाटत होते. कितीतरी दिवसांनी.

६ जून

उत्तर आलं, टाइप केलेलं. वाद मिटेपर्यंत ध्वनिमुद्रण थांबवलं आहे. रचना माझी असल्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची लेखी जबानी पाठवावी, म्हणजे नाव घालण्याचा विचार करू.

घरात वडीलधारं माणूस एकच. बायनाबाई लिंबाजी खिल्लारे, अक्षरशत्रू.

११ जून, शनिवार

कस्तुरा आली. न कळवता. पिन नाही, गजरा नाही, दोन दिवसांचं जागरण तोंडावर. चपलाही काढल्या नाहीत.

"तू माझी रेकॉर्ड बंद पाडलीस."

"माझं नाव घालायला सांग. उद्या सुरू होईल."

"घाला म्हणलेच मी! आता ते म्हणायलेत, आधी तुमच्या तुमच्यात मिटवा, न्हाईतर दुसरी पोरगी हाय. अक्का, दुसरी तयार बसलीय! माझं एवढंच हाय. तुला नोकरी हाय, शाळा हाय, मला काय हाय?"

"मला नोकरी आहे म्हणून माझं गाणं घ्यायचं?"

"घेतलं न्हाई! तूच दिलंस! माझ्या गळ्यात तूच घातलंस ना ते?"

मग तीच म्हणाली, "खरं सांगू? तुला नाव नकोय. तितं मी उभी राहिले, तू न्हाईस, ते सलायलंय तुला."

मी तिच्या तोंडात मारली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ज्या तोंडाला गायला शिकवलं त्याच तोंडावर.

माय आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. "मला चिरा मधोमध. अर्धी-अर्धी घ्या."

कस्तुरा म्हणाली ते खोटं नव्हतं. पण नावही हवंय मला. दोन्ही खरं आहे. हे इथंच लिहिते, तिला कधी सांगणार नाही.

१२ जून

कस्तुरा सकाळच्या गाडीनं गेली. चहा घेतला नाही.

१३ जून

मायला सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे गवाही द्याची हाय का मी?"

"हो. गाणं मी रचलं, एवढं सांगायचं. हेडमास्तर लिहून देतील, तू अंगठा लावायचा."

"त्यानं दोघीचं भांडण मिटंल?"

"मिटेल. तिची रेकॉर्डही निघेल."

"मंग देते की." आणि शेळीला पाला टाकायला गेली.

जिंकले मी. मग गोड का लागत नाही काही?

१५ जून, बुधवार

मायला शाळेत नेलं. दिनकररावांनी जबानी लिहून ठेवली होती — 'सदर गीत माझी मुलगी सत्यशीला हिने स्वतः रचले.' खाली गाणंही उतरवलं होतं, तेही त्यांनी वाचून दाखवलं. तिसरं कडवं संपलं. माय जमिनीकडं बघत पुढं म्हणाली, अगदी सहज —

खुरप्या सोबत्या, जरा दमानं चाल
पातीच्या टोकाला माझं निजलंय बाळ

हेडमास्तर माझ्याकडं बघायले. हे कडवं माझ्या वहीत नाही.

"तू निजलेली असायचीस तितं, बोराटीच्या सावलीत," माय मला म्हणाली. "मी खुरपायची पात धरून म्हणत म्हणत पुढं सरकायची. मनाला यील तसं जोडायची."

मग शाईत अंगठा बुडवला आणि विचारलं, "कुठं लावू?"