चार ओळी म्हणेपर्यंत

गांधीबाग, नागपूर
दि. १२ फेब्रुवारी २०२४

चि. रंभा हिस,
मनोहरचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

तिळाची चटणी पोचली. अर्धी खालच्या कापडदुकानातल्या मुनीमजींनी चाखता चाखता संपवली. फोन का उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, पण मला आता फोनवर धड ऐकू येत नाही. कानाचं यंत्र डब्यात पडून असतं. ते लावलं की खाली कापडाचं थान फाडल्याचा आवाजही अंगावर येतो. तेव्हा पत्रच लिहीत जा. तुझं अक्षर अजून सातवीतलंच आहे, ते पाहून बरं वाटतं.

बातमी अशी, की मी पुन्हा मास्तर झालो. सावनेरच्या शाळेत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा ऋषिकेश आठवतो ना? तो वर्धा रोडवर एका मोठ्या इमारतीच्या कामावर सुरक्षा अधिकारी आहे. नव्या कामगारांना तिथे आधी तीन दिवस ट्रेनिंग असतं. ते झाल्याशिवाय कार्ड मिळत नाही, आणि कार्डाशिवाय फाटकाच्या आत पाय ठेवू देत नाहीत. ऋषिकेश म्हणाला, सर, सकाळी सांगितलेले नियम संध्याकाळी पुसले जातात, पण तुम्ही पाठ करून घेतलेलं अजून जिभेवरून उतरत नाही. मग काय वं, बसलो लिहायला. हेल्मेटसाठी ओवी, विजेच्या तारांसाठी दिंडी, आणि उंचीवरच्या कामासाठी चक्क भुजंगप्रयात:

कडी लाव आधी, पुढे टाक पाया,
तुझी वाट पाहे घरी मायछाया;
नको घाइ, बापा, नको शूर होऊ,
पुढे जन्म सारा, हळू चाल, भाऊ.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाला बेल्ट बांधून लोखंडी चौकटीला लटकवतात. पाय जमिनीच्या वीतभर वर. भीती जावी, बेल्टवर भरवसा बसावा म्हणून. ऋषिकेश दोन मिनिटांत उतरवायचा. मी त्यात आपल्या शाळेचा थोडा रंग मिसळला. लटकल्या लटकल्या चारही ओळी म्हणायच्या, मगच उतरायचं. बाकावर उभं राहून पोरं कविता म्हणायची ना, तसं. छिंदवाड्याकडचा एक मिशाळ गडी तर डोळे मिटून आरतीसारखं म्हणाला. टाळ्या पडल्या. मला भरून आलं.

आपल्या सौरवला पाठव. जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्या उपसण्यात त्याचा जन्म जाऊ नये. मामा आहे इथे.

माया आहे तेवढी राहू दे, आटू देऊ नकोस.
तुझा दादा
मनोहर

—

सावनेर
दि. १८ फेब्रुवारी २०२४

ती. दादांस,
रंभाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

सौरवले पुढच्या हप्त्यात पाठवून राहिली. सून हिमानी बी खूश आहे. तुमची कविता मी तिले वाचून दाखवली, तर ती विचारून राहिली की मायछाया म्हणजे माय का बायको, एकदाचं ठरवा म्हणा.

उंचीची काळजी करू नका. हा पोट्टा लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढून गावाले भेव दाखवत होता. त्याले भेव आहे ते तुमचं. तुमच्या वर्गात दुसऱ्या ओळीवर अडकला अन् तुम्ही त्याले मधल्या सुट्टीभर बाकावर उभं ठेवलं, ते तुम्हाले आठवत नसन. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. आता तिशी उलटली, पाच वर्षांची मिनल अंगाखांद्यावर खेळते, तरी मामा शिकवायले आहे असं ऐकल्याबरोबर ढोरायच्या कोठ्यात जाऊन बसला. आम्ही सासवासुना पोट धरून हासलो. तो म्हणे, दिवसभर विटा वाहीन, पण लोकायसमोर कविता म्हणणार नाही.

दादा, हासण्यावारी नेऊ नका. त्याले बेल्टचा हूक लावायले लावा, शंभर खेपा लावा. कविता म्हणायले लावू नका. अन् तिथं तरी कानाचं यंत्र लावत जा.

हे कार्ड त्याले भेटलंच पाहिजे. एवढं पाहा.

तुमच्या मायेची धाकटी,
रंभा

—

गांधीबाग, नागपूर
दि. ६ मार्च २०२४

चि. रंभा हिस,
आशीर्वाद. घाबरू नकोस, आधी शांतपणे वाच.

ऋषिकेशने फोन केला म्हणून हिमानी धावत आली. तिने तुला काहीबाही कळवलं असेल. सौरव धंतोलीत दवाखान्यात आहे. उन्हाची भोवळ. सगळं क्रमाने सांगतो.

हूक लावण्यात तो पहिला आला. ऋषिकेशने सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. मग लटकवणं सुरू झालं. सौरवचा नंबर शेवटचा. पहिल्या दोन ओळी त्याने इतक्या स्वच्छ म्हटल्या, रंभा, की मला तू आठवलीस, परकर सावरत कविता म्हणणारी. तिसरीवर अडकला. तेवढ्यात ऋषिकेशला फाटकावर बोलावणं आलं. जेवायची वेळ झाली होती. मीच बाकीच्यांना म्हटलं, तुम्ही डबे सोडा, आम्ही मामा-भाचे पाहून घेतो. ते पत्र्याच्या सावलीत जाऊन बसले.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. पहिला शब्द दिला, जसा वर्गात द्यायचो. कुंपणापलीकडे पळस पेटलेला होता. वारा सुटला होता. मला शाळेची ती खिडकी दिसू लागली, बाहेरचा कडुनिंब, चाळीस पोरांचा एक आवाज. मीच ती कविता पुन्हा म्हटली, मग जुन्या पुस्तकांतल्या एकेक आठवत गेल्या. सौरवचे ओठ सारखे हलत होते. यंत्र घरी राहिलं होतं, पण ओठ दिसत होते ना. मला वाटलं, येतंय, ओळ येतेय. मी मान हलवून शाब्बासकी दिली. मग तो अगदी शांत झाला. मुलं आठवताना डोळे मिटून घेतात, तसे त्याने मिटले. मी त्या शांततेत व्यत्यय आणला नाही.

मंडळी डबे धुऊन, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून परत आली तेव्हा त्या मिशाळ गड्याने पाहिलं आणि धावत येऊन त्याला उतरवलं. मी डॉक्टरांना सांगितलं, नियमाप्रमाणे दोन मिनिटं लटकला होता. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं, म्हणून असं झालं.

कार्ड मिळेल. ऋषिकेशशी बोललो.

मायेत उणं पडू देऊ नकोस.
मनोहर

—

धंतोली, दवाखान्यातून
दि. ९ मार्च २०२४

दादा,
नमस्कार. हिमानीच्या हाती चिठ्ठी पाठवून राहिली. ती दारात उभी राहीन, तिच्या हाती उत्तर द्या.

सौरवची लघवी चहासारखी येऊन राहिली. पाय दगडासारखे झाले. डॉक्टर म्हणते, उन्हाची भोवळ अशी नसते, दोन मिनिटं लटकून असं होत नाही. जास्त वेळ लटकला असन तर मांसाचं विष किडनीत जाते अन् इलाज वेगळा करावा लागते. ते विचारून विचारून थकले. ऋषिकेश नियम सांगते. बाकीचे कामगार, कार्ड जाईन म्हणून, दोनच मिनिटं म्हणते.

मी त्याहिले म्हटलं की माझ्या भावानंच लिहिलं आहे, लोकायचं जेवण झालं, डबे धुतले, खर्रा घोटला. जन्मभर माणसायले वाढलं आहे मी, याले किती वेळ लागते ते मले कोणी शिकवू नये. तर डॉक्टर म्हणते, बाई, तुम्ही तिथं होत्या काय, जो होता तो तर दोन मिनिटं सांगून गेला.

सौरव सकाळी बोलला. किती वेळ ते त्याले सांगता येत नाही, शुद्धच नव्हती. एवढंच म्हणे, की मी उतरवा मामा, उतरवा मामा म्हणून राहिलो होतो, अन् मामा मान हलवून शाब्बास म्हणून राहिले होते.

या. नाही आलं जमत तर एक ओळ लिहून द्या. सही करा. मी काही म्हणणार नाही, भांडणार नाही. तुमच्या पाया पडते.

रंभा

—

गांधीबाग, नागपूर
दि. १० मार्च २०२४

चि. रंभा हिस,
आशीर्वाद.

काल हिमानी आली तेव्हा मी वरून पाहिलं. दार उघडलं नाही. ती बराच वेळ उभी होती. मुनीमजींनी तिला पाणी दिलं. मग गेली.

रात्री लिहायला बसलो. पहिल्या कागदावर फार खाडाखोड झाली. असलं लिखाण डॉक्टरांपुढे कसं ठेवायचं, म्हणून सकाळी स्वच्छ प्रत केली. शाळेत माझ्या शब्दावर कधी कोणी शंका घेतली नाही. हेडमास्तर म्हणायचे, मनोहररावांनी सांगितलं म्हणजे संपलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ऋषिकेश शेजारीच उभा होता, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून मी दोन मिनिटं म्हणून गेलो. एकदा म्हटलं ते फिरवायचं कसं, हे मला कधी करावंच लागलं नाही. तू लहान असताना तुझा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतलं मी. आज माझाच हात चालत नाही.

दोन मिनिटं नव्हती. अर्धा तास तरी झाला असेल, कदाचित जास्तच.

पुन्हा कोणाला इकडे पाठवू नकोस. सुनेच्या हाती हे देणं बरं दिसलं नसतं, म्हणून टपालाने दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे.

माझ्यावर माया ठेवता आली तर ठेव.
मनोहर

—

सावनेर
दि. २८ मार्च २०२४

दादा,

तुमचं पत्र भेटलं. सौरवले घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात पोचलं. तिथल्या माणसानं पुढं इकडं पाठवलं. गांधीबागेतून धंतोलीत पत्र पोस्टानं धाडते काय, दादा? रिक्षावाल्याच्या हाती दिलं असतं तरी आलं असतं. अक्षर मात्र सुरेख आहे, एक खाडाखोड नाही. तेरवीच्या पंगतीत मी ते कोणाले दाखवलं नाही. लोकं तुमचीच विचारपूस करून राहिले होते, मास्तर काहून आले नाही म्हणून. मी म्हटलं, तब्येत बरी नाही.

ऋषिकेश आला होता. सौरवचं कार्ड घेऊन आला, फोटो लावलेलं. ट्रेनिंग पूर्ण, असं त्यावर छापलं आहे. तो रडला. तुम्ही डॉक्टरले काय सांगितलं ते मी त्याले सांगितलं नाही, अन् त्यानं बी विचारलं नाही. मले वाटते त्याले माहीत आहे. कंपनी सौरवच्या जागी हिमानीले कामावर घेऊन राहिली. तिले बी आधी तेच ट्रेनिंग आहे.

हिमानीनं खोली पाहिली आहे, गांधीबागेतच, तुमच्या गल्लीच्या मागं. फाटकाच्या आत लेकरू नेऊ देत नाही. मी मिनलले इथंच ठेवून घेणार होती, पण बाप गेल्यापासून ती पोरगी मायचा पदर सोडत नाही, सकाळ-संध्याकाळ तरी माय दिसली पाहिजे. नागपुरात आपलं दुसरं कोणी नाही. मी हिमानीले नाही म्हटलं, दोन दिवस भांडली. ती म्हणे, मिनल असली म्हणजे मामा घरात तर राहतील, ट्रेनिंगले येणार नाही.

तर सोमवारपासून ती सकाळी मिनलले तुमच्याकडं सोडून जाईन अन् संध्याकाळी नेईन. आता दार उघडा. ट्रेनिंगच्या जागी तुम्ही आता जाऊ नका. ते ऋषिकेशले मी सांगितलं आहे.

मिनलले भूक लवकर लागते. वरण-भात खाते, तिखट चालत नाही. दुपारी झोपली तर झोपू द्या. तिले काही शिकवू नका.

रंभा