चौकातल्या भिंतीवरचं नाव

४ सप्टेंबर

दुपारच्या बसने या विद्यापीठाच्या शहरात पोहोचलो. पेटी, कुंचले, गेरूची पिशवी, सगळं धड आलं. घरमालकीण विसीबाई दारातच उभी होती. उशीर का केला म्हणून आधी तिने मला झापलं आणि मग सॉसेज घातलेल्या मसुरांचं भांडं समोर ठेवलं. तिच्याकडे बाकी सगळी परदेशी मुलं आहेत, वर्षभरासाठी विद्यापीठात शिकायला आलेली. रोज एखादी नवी बॅग जिन्यावर आपटत वर येते. विसीबाई म्हणाली, इतकी वर्षं कोवळी पाखरं ठेवली, यंदा एक म्हातारा कोंबडा ठेवून बघते. मी एकोणपन्नासचाच आहे हे तिला सांगितलं नाही.

गावाकडे मी चर्चमधले संत रंगवतो आणि दुकानांच्या पाट्या. इथला जुना रंगारी वारला म्हणून मला बोलावणं आलं. विद्यापीठ ज्याचा मोठा सन्मान करतं त्याचं नाव दगडी भिंतीवर तांबड्या अक्षरांत रंगवायचं, ही इथली शेकडो वर्षांची रीत. पूर्वी रंगात बैलाचं रक्त घालत. आता गेरू आणि जवसाचं तेल. पहिलं नाव प्राध्यापक ओसोरिओ यांचं. समारंभ सत्तावीस तारखेला. काम पसंत पडलं तर कायमची नोकरी.

माझी लेकही याच आठवड्यात पोलंडला गेली, वर्षभर शिकायला. संध्याकाळी फोन आला. तिची खिडकी ट्रामच्या रस्त्यावर उघडते. म्हणाली, बाबा, आपण दोघंही नवखे, बघू आधी कोण रस्ता चुकतं. एकुलती एक आहे. तिथे तिला कुणी परकी म्हणून वागवू नये, एवढंच आज देवाकडे मागितलं.

६ सप्टेंबर

सकाळची प्रार्थना करून कामाला गेलो. आतल्या चौकात, कारंज्याजवळ, डोळ्यांच्या उंचीवर जागा मिळाली. दगड मधाच्या रंगाचा, हाताला मऊ. तिथे आधीच काहीतरी तांबडं लिहिलेलं होतं, पुसट, वेडंवाकडं, शिकाऊ हाताचं. मकारिओ म्हणून शिपाई आहे, किल्ल्यांचा जुडगा वाजवत मागेमागे फिरतो. त्याला विचारलं, हे कुणाचं? तो म्हणाला, पोरांचा चावटपणा, खरवडून टाक.

आमच्या धंद्यात खरवडलेला रंग फेकत नाहीत. वस्त्रगाळ करून नव्या गेरूत घोटला की नवं अक्षर जुन्या भिंतीत मुरतं, उपरं दिसत नाही. वडिलांनी शिकवलेलं. मीही तसंच केलं. पातं तिरपं धरून सगळं काढलं आणि खलात घातलं. गेरूला लोखंडाचा वास असतोच. हा जरा ओलसर होता.

९ सप्टेंबर

नाव पुरं झालं. ओसोरिओ स्वतः बघायला आले. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, पहिलं गोल अक्षर अजून थोडं मोठं चाललं असतं, आमचं पोट बघून अंदाज घ्यायचा ना. आपल्याच विनोदावर बराच वेळ हसले. मी कुठल्या गावचा ते विचारलं. मग म्हणाले, तुमच्या डोंगरातल्या बायकांची गाणी जगापुढे आणली ती मीच, त्याच पुस्तकाचा हा सन्मान. मी नमस्कार केला. माणूस मोठा आहे.

११ सप्टेंबर

दुपारी शहर झोपतं तेव्हा चौकात चिटपाखरू नसतं. मी रंगाचा अजून एक हात देऊन घ्यावा म्हणून गेलो. ओसोरिओंच्या नावाचं शेवटचं अक्षर नाही. उडालेलं नाही, ओघळलेलंही नाही. तिथे कोरा दगड, कुणी चाटून साफ करावा तसा. आणि खाली, वीतभर अंतरावर, एक दुसरंच अक्षर. ओलं.

मकारिओ म्हणाला, पोरं. दुसरं कोण? पूस. मी ते पुसलं आणि वरचं पुन्हा रंगवलं.

१३ सप्टेंबर

आज वरची तीन अक्षरं गेली, खाली तीन उमटली. एका मुलीच्या नावाची सुरुवात असावी.

जेवताना विसीबाईला ती अक्षरं सांगितली. तिने चमचा खाली ठेवला. मग जे म्हणाली ते असं. आठ वर्षांपूर्वी रुमानियाहून मिरेला नावाची मुलगी एका वर्षासाठी आली होती. मी झोपतो त्याच खोलीत राहायची. शनिवार-रविवार डोंगरातल्या गावांत जाऊन म्हाताऱ्यांजवळ बसायची, गाणी उतरवून आणायची. अकरा वह्या भरल्या. त्या ओसोरिओंनी वाचायला मागितल्या आणि पुढे पुस्तक आलं ते त्यांच्या नावाने. पोरगी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली. तिचं मागणं एकच होतं, कुठेतरी माझं नाव घाला, तळटीपेत का होईना. तिथे तिला सांगितलं, तुला आमची भाषा धड बोलता येत नाही, तू काय लिहिणार? मकारिओने तिला ओसोरिओंना वह्या देताना पाहिलं होतं. चौकशीत म्हणाला, मी काही पाहिलं नाही.

परत जायच्या दिवशी तिने हाताला चीर देऊन चौकातल्या भिंतीवर स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती नदीत सापडली.

विसीबाई भांडी उचलत म्हणाली, मी तरी काय बोलले कुणाकडे? मला खोल्या चालवायच्या होत्या.

१४ सप्टेंबर

रक्त मी खलात घोटलं. हातांना साबण लावून लावून कातडं सोललं.

मकारिओला गाठलं. तो पांढराफटक पडला, पण बोलला तेच. मुकाट्याने पूस, पेंटर. समारंभ होऊन जाऊ दे. तुला नोकरी हवी आहे ना?

मी पुसलं. आज कुणाचं नाव पुसतोय ते माहीत असून पुसलं. मनाशी म्हणालो, मेलेल्या मुलीला भिंतीचं काय करायचंय? मला माझी लेक शिकवायची आहे.

१७ सप्टेंबर

काल पुन्हा उमटलं, पुसलं. आज पुन्हा उमटलं. पुन्हा पुसलं. माहीत असून तिसरी वेळ.

लेकीचा फोन. हसत होती. म्हणाली, बाबा, इथल्या ग्रंथालयाच्या यादीत माझं नावच नाही. फॉर्म भरून दिला, तर त्या बाई म्हणतात, कोराच दिलास की गं.

१९ सप्टेंबर

तिच्या ओळखपत्रावरचं नाव गेलंय. फोटो आहे, नावाची जागा कोरी. वर्गातली मुलं दर वेळी नव्याने विचारतात, तू कोण? आज ती हसली नाही. म्हणाली, बाबा, मला एकदा हाक मारा ना. मी मारली. ती म्हणाली, परत. अजून एकदा.

२१ सप्टेंबर

भर दुपारी मिरेला कारंज्यापाशी होती. पाठमोरी. केसांतून पाणी ठिबकत होतं आणि बोटाने दगडावर लिहीत होती. मी तिच्या पायांपाशी गुडघे टेकले. सांगितलं की माझ्या पोरीने तुझं काही वाकडं केलेलं नाही, तीही तुझ्यासारखीच परक्या गावात आहे. ती लिहायची थांबली. वळली नाही.

थांबली, म्हणजे ऐकलं असेल.

२४ सप्टेंबर

नवा गेरू आणला. आधी वर ओसोरिओंचं जे काही उरलं होतं ते मीच खरवडलं. मग तिचं नाव लिहिलं. मिरेला. सहाही रोमन अक्षरं, हातभर उंच, संतांच्या पाटीला लावतो तेवढा जीव लावून. मकारिओ ओरडत आला, वाचलं, आणि किल्ल्यांचा जुडगा मुठीत दाबून धरला. नोकरी जाईल ती जाईल.

रंग धरला. दुपार उलटली तरी अक्षर हललं नाही.

पण हे न्यायासाठी केलं असं लिहिलं तर खोटं होईल. लेकीच्या काळजीने केलं. मिरेलासाठी नाही.

२७ सप्टेंबर

सभागृह भरलेलं. कुलगुरूंनी कागद उघडला. थांबले. कागद उलटा करून पाहिला. शेजारच्याला विचारलं, आज सन्मान कुणाचा आहे?

ओसोरिओ उठून म्हणाले, माझा. कुणी विचारलं, आपण कोण? ते नाव सांगायला गेले — तोंड उघडंच राहिलं. पुस्तकं मागवली. मुखपृष्ठावर मिरेला. आतही मिरेला. मकारिओने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं, म्हणाला, आजोबा, घर कुठे तुमचं? कारंज्यापाशी बसून ते रडत होते.

मला बरं वाटलं. ते लपवत नाही. भुकेल्याला जेवून वाटावं तसं वाटलं.

मग लेकीच्या वसतिगृहातल्या खोलीवर फोन लावला. दुसऱ्याच मुलीने उचलला. म्हणाली, हा पलंग रिकामाच आहे, पहिल्यापासून.

२८ सप्टेंबर

बायकोला फोन. ती म्हणाली, अहो, ऊन लागलंय का तुम्हाला? कसली लेक? आपल्याला कुठे मूलबाळ झालं?

हळूच म्हणाली. मला दुखवायला नको म्हणून —

चौकात गेलो. मिरेला, ठळक. त्या नावाखाली गुडघे टेकले. दोनदा न कळत पुसलं होतं. तीनदा कळून. तीनदा —

२९ सप्टेंबर

देवाच्या वहीत तरी तिचं नाव असेल. गावच्या फादरांना बाप्तिस्म्याची नोंद काढायला लावली. तारीख आहे, म्हणाले. आईबाप आहेत. मुलीचं नाव — तिथे कागद खरवडलेला आहे, म्हणाले, पार पातळ झालाय —

ही वही मागे चाळली. मी नाव लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. सगळीकडे नुसतं 'लेक' उरलंय, आणि त्याच्या आधी कागद खरवडलेला. पातं तिरपं धरून. मी धरतो तसं.

ट्राम आठवते. खिडकी. बाबा, परत, म्हणाली होती. मी हाक मारली होती. काय हाक —

पाच अक्षरं होती? की —

गुडघे टेकून बसलोय. देवा, माझ्या लेकीला सांभाळ. तो विचारेल, कुणाला? सांगावं तर लागेल. तिचं नाव — माझ्या लेकीचं नाव —