नाव सांगून उठायचं

सोमवार, ६ जानेवारी
आले एकदाची! प्रशिक्षण केंद्रानं दिलेली खोली काडेपेटीएवढी आहे, पण ऊन येतं आणि गरम पाणी मागावं लागत नाही, म्हणजे चैनच. महिनाभर नवख्या समाजकार्यकर्त्यांना व्यसनाविषयी शिकवायचंय. व्यसनी माणसाला चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या की तो सुधारतो, असं निम्म्यांना वाटतं. मी हसले नाही. धाकट्या भावाला मी काय कमी सांगितलं होतं? गेल्या वर्षी दारूनं नेलंच त्याला.

बुधवार, ८ जानेवारी
आज रोल-प्ले. एकानं खुर्चीत बसून व्यसनी व्हायचं, दुसऱ्यानं त्याच्याशी बोलायचं. झालं की उभं राहायचं, हात झटकायचे आणि मोठ्यानं स्वतःचं नाव सांगायचं. भूमिका अंगावर राहू नये म्हणून. काहींना हा पोरखेळ वाटला. याबाबतीत मात्र मी खाष्ट सासू आहे.

शेवटी वर्गातली सगळ्यांत अबोल मुलगी बसली. तिनं पाय लांब सोडले, मान तिरकी केली आणि मला म्हणाली की टिटवे, आज शेवटचीच, उद्यापासून बंद. मी सारखी कटकट करते म्हणून टिटवी. जगात एकच माणूस मला तसं म्हणायचा, माझा धाकटा. उठून नाव सांगितल्यावर मुलीला काहीच आठवेना.

शुक्रवार, १० जानेवारी
जेवणाच्या सुट्टीत सरावाच्या नावाखाली तिला पुन्हा बसवलं. आला! आई नीट जेवते का, विचारलं. माझ्या चष्म्याची टिंगल केली. मी रडले, हसले, पुन्हा रडले. मग तिला उठवावं लागलं. तिनं नाव सांगितलं आणि तो गेला. एकदा पोचवून आले होते त्याला. रोज रोज कसं पोचवू?

मंगळवार, १४ जानेवारी
आज तिला नाव सांगायला लावलं नाही. म्हटलं, घटकाभर राहू दे. ती त्याच्याच चालीनं घरी गेली. केंद्रप्रमुखांनी विचारलं, तर सराव रीतसर संपवला म्हणून सांगितलं. डोळ्याची पापणीही लवली नाही. खोटं बोलणं हे व्यसनाचं पहिलं लक्षण, असं सकाळी मीच फळ्यावर लिहिलं होतं.

गुरुवार, १६ जानेवारी
मुलीची आई आली होती. पोरगी तिला काकू म्हणते. हात थरथरतात. थेंबाला शिवलेली नाही, तरी तोंडाला दारूचा वास. बाई, तुम्ही यातल्या जाणत्या, तुम्हीच सांगा काय झालंय, म्हणून हात जोडले. मी थकवा आहे म्हटलं. तिनं विश्वास ठेवला. लेकीसाठी डबा ठेवून गेली.

शुक्रवार, १७ जानेवारी
तिचे डोळे पिवळे झालेत. त्याचे झाले होते तसेच. पोट फुगलंय. तो पुन्हा मरतोय — या वेळी तिला घेऊन. उभं करून नाव विचारलं, तर ती सुटेल. आणि तो —
नाही विचारलं. देवा, नाही विचारलं.

शनिवार, १८ जानेवारी
सकाळ. खुर्चीत आहेत, दोघंही. दाराबाहेर तिची आई. आत घ्या म्हणतेय, रडतेय. मुलीचे ओठ हलतात — नाव आहे अजून तिच्यापाशी. उद्या नसेल.
उठवते. आत्ताच. मी काही राक्षसीण नाही.
तो म्हणतोय, टिटवे, जरा थांब ना. किती वाळलंय माझं पोर. एकदाच जवळ घेते — शेवटचं — मग नक्की विचारते —